पस्तीसपट बारीक चिखल

कुरिअरवाला आमच्या गावात येत नाही. तो वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या बसस्टँडवर उभा राहून फोन करतो, मग आपण मोटरसायकल काढायची. जुलैची झड लागलेली. परतताना पांदण रस्त्यावर गाडी घसरली, पँट मांडीपर्यंत काळी झाली, पण पार्सल छातीशी धरून कोरडं घरी आणलं. छपरीत आबा बसले होते.

"काय आनलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी दमलो होतो. "माती."

"कायची माती?"

"रणगाड्याला लावायची. बाटलीत येते. तयार चिखल."

"कितीले?"

"साडेसहाशे."

आबांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्या पँटकडे पाहिलं, पुन्हा बाटलीकडे पाहिलं. "आन हे फुकटात?"

आता थोडं सांगायला हवं. मी १:३५ प्रमाणात, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढे, रणगाडे बनवतो. म्हणजे प्लास्टिकचे दीड-दोनशे तुकडे ब्लेडने कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, आणि सगळं चकचकीत झालं की ते खराब करायला घ्यायचं. याला वेदरिंग म्हणतात. गंज, ओघळ, धूळ, चिखल. बायकोचं म्हणणं असं की या घरात नवी वस्तू आपोआप चार दिवसांत जुनी होते, तिला तीन महिने मेहनत लागते हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. हे ती माझी ती पँट दगडावर आपटता आपटता बोलत होती, त्यामुळे मी वाद घातला नाही.

रणगाडा होता सोव्हिएत टी-३४. रशियात शरदातल्या पावसात आणि बर्फ वितळताना रस्त्यांचा जो गारा होतो, त्याला तिकडे 'रस्पुतित्सा' म्हणतात. ऑक्टोबर १९४१ मध्ये मॉस्कोकडे निघालेल्या जर्मन गाड्या त्यात अशा रुतल्या की चाकाचं चाक दिसेना. टी-३४ चे पट्टे अर्धा मीटर रुंद, जर्मनांचे त्याहून बरेच अरुंद, म्हणून हा तरून जाई. आबांना हे सांगायची गरज पडली नाही. "बंडीचं लोखंडी चाक फसते, ट्रॅक्टरचं फसत नाई. त्याच्यात काय नवं?" मग जरा वेळाने, "तू पन कायले रशियात गेला बे? आपल्याच इथं झालं न." आबा १९६५ साली पाचवीत होते. त्या सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या फौजेने शेतांत पाणी सोडलं आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्या चिखलात अडकले. ही बातमी त्यांना आजही काल ऐकल्यासारखी आठवते. मी म्हटलं, पॅटन पुढच्या वर्षी करतो.

बाटली उघडली. चिखल तपकिरी, रवाळ, ओलसर. अंगठ्याएवढा ब्रश घेऊन चाकांवर लावला. सकाळी पाहतो तर रणगाडा युद्धातून नव्हे, शिऱ्याच्या कढईतून आलेला. चिऊ, माझी सात वर्षांची लेक, बोट लावून चाखायच्या बेतात होती.

तेव्हा ठरवलं की आपली माती वापरायची. घराला लागून चार एकर काळं वावर आहे, आणि मी चिखल विकत आणतो हे गावात कळलं तर पोळ्यापर्यंत पुरेल एवढा विषय होता.

पहिला प्रयोग: वावरातली माती, फेविकॉल, पाणी. रणगाडा ज्या पाटीवर उभा होता, तिथे ती थापली. पाचव्या दिवशी डाव्या पट्ट्याशेजारी एक हिरवा कोंब उभा. मी हादरलो. आबांनी चष्मा लावला. "केना हाय. निंदून घे." मोजला तर एक सेंटीमीटर. गुणिले ३५, म्हणजे ३५ सेंटीमीटरचा केना. आमच्या सोयाबीनमध्ये तेवढाच असतो. प्रमाणाच्या बाबतीत त्या तीन महिन्यांत एवढी एकच गोष्ट मला बरोबर जमली, आणि तीही मी केली नव्हती.

मग माती भाजायची, म्हणजे त्यातलं बी मरतं. तवा घेतला, कारण दुसरं काही नव्हतं. स्वयंपाकघरात पहिल्या पावसाचा वास सुटला. मला तो इतका आवडला की मी डोळे मिटून उभा होतो, आणि डोळे उघडले तेव्हा समोर बायको होती. "अहो, भाकरीचा तवा हाय तो! आता माती भाजून खाता काय?" तवा तीन वेळा घासून दिला. तरी आठ दिवस घरातला प्रत्येक जण भाकरी तोडून आधी प्रकाशात धरायचा.

भाजलेली माती आईच्या जुन्या लुगड्यातून वस्त्रगाळ केली. यात आळस चालत नाही. एक मिलिमीटरचा कण राहिला की त्या जगात तो साडेतीन सेंटीमीटरचा खडा होतो, आणि रणगाडा मुरुमाच्या खाणीतून आल्यासारखा दिसतो. लेप सुरेख बसला. रात्री मी दोनदा उठून पाहिला.

सकाळी भेगा. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, हे मी लहानपणापासून पाहतो आहे. दर मे महिन्यात आमच्या वावराला ज्या भेगा पडतात, त्यांत एकदा आईचं खुरपं गेलं ते गेलंच. पण फेविकॉल घातल्यावर माती आपला स्वभाव सोडेल असं मला का वाटलं कोण जाणे. दुपारपर्यंत एक अख्खी खपली उचकटली. जाताना खालचा रंग आणि एक हेडलाइट सोबत घेऊन गेली.

शेवटी आबाच उठले. मला निंबाखाली उभ्या ट्रॅक्टरपाशी नेलं आणि काडीने दाखवायला लागले. "पाय इथं. चाक फिरते, त कडेचा चिखल उडून जाते. मधात, नटापाशी राह्यते. मडगार्डच्या खालून पाय, कसा थरावर थर बसला. वरचा पयले सुकते, पांढरा पडते. खालचा आठ दिस ओलाच. आन तू? समद्या गाडीले सारखा सारवला. ते काय भिंत हाय?"

परदेशी कारागिरांचे तासतासाचे व्हिडिओ पाहून जे कळलं नव्हतं, ते काडीने कळलं. माती कमी केली, तिच्यात प्लास्टर मिसळलं, पातळ थर दिले. वर फिक्कट आणि कोरडा, खाली गडद, अगदी तळाशी चकाकणारं वॉर्निश, म्हणजे ओल दिसते. शेवटचे शिंतोडे जुन्या टूथब्रशवर अंगठा ओढून उडवायचे असतात. उडवले. चार थेंब रणगाड्यावर पडले, बाकी कॅलेंडरवर आणि आबांच्या पांढऱ्या दुपट्ट्यावर. आबांनी दुपट्टा निरखला. "हा बराबर उडाला."

पोळ्याच्या आदल्या दिवशी काम संपलं. फोटो दुसऱ्या दिवशी उन्हात काढू म्हटलं. मग पोळा आला, बैल, तोरण, पुरणपोळी, आणि फोटो राहिला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून तोरणात नेतात. आमच्याच तालुक्यातल्या सिंदी (रेल्वे) गावाचा तर बघायला लांबून लोक येतात. चिऊच्या बैलाचं चाक तुटलेलं. मी दुपारी झोपून उठलो तेव्हा अंगणात आई बसली होती. पुढ्यात घमेलं, घमेल्यात फेस, फेसात टी-३४.

"आई!"

"वरडू नको. पोळ्याले चिखलाचं जनावर तोरनात नेते काय कोनी? कसं घान ठेवलं होतं."

भांड्याचा साबण, नारळाची शेंडी. तीन महिने गटारात वाहत होते. आईने पदराने पुसून त्याला हळद-तेल लावलं, चिऊने तोफेला बेगड गुंडाळली. शिंग एकच असल्यामुळे दोन्ही बेगडी त्यावरच. पुढे सुतळी बांधली आणि निघाली ओढत.

आबांनी तिला दारात थांबवलं, रणगाडा उलटा केला, पट्ट्याच्या आतून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. "पाय. आतला राह्यलाच हाय."

चिऊ दिवेलागणीला परत आली. घरोघर मिळालेला बोजारा तिने छपरीत मोजला. १२० रुपये.

आबा म्हणाले, "५३० राह्यले."