दिवसाला ४०० वेळा हसणारं मूल

"लहान मूल दिवसातून ४०० वेळा हसतं, मोठा माणूस जेमतेम १५ वेळा. हसू ही फक्त माणसाला मिळालेली देणगी आहे. रोज आरशासमोर उभं राहून हसा, आजार जवळ फिरकणार नाहीत." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय आणि दर वेळी मला त्याचा राग येतो.

आधी ४०० चा हिशेब करू. मूल बारा तास जागं असतं असं धरलं, तर ७२० मिनिटं होतात. म्हणजे दर दोन मिनिटांच्या आत एकदा हसू, तेही जेवताना, रडताना, पेंगताना. माझी तीन वर्षांची भाची ठोकळे रचत होती तेव्हा मी शेजारी बसून होते. ओठ किंचित उघडे, नजर ठोकळ्यावर, चेहरा कमालीचा गंभीर. बराच वेळ हसूच नाही. मनोरा कोसळला, तिनं वर माझ्याकडे पाहिलं आणि मग खदखदून हसली. आधी पाहिलं, मग हसली.

मोठ्यांचा आकडा तसा चुकलेला नाही. रॉड मार्टिन आणि निकोलस कायपर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ च्या अभ्यासात ८० प्रौढांनी आपापल्या हसण्याची तीन दिवस नोंद ठेवली. सरासरी दिवसाला १७ ते १८ वेळा. मुलांच्या ४०० मागे मात्र अशी मोजणी कुणी दाखवत नाही.

आरशाचा सल्ला तर मुळावरच येतो. हसण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या बोलण्यात आलेले १२०० हास्यप्रसंग टिपले. विनोदावर आलेलं हसू त्यात २० टक्क्यांहूनही कमी होतं. बाकी सगळं "बरं, निघते मी" असल्या साध्या वाक्यांवर. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. दुसऱ्या एका पाहणीत माणसं एकटी असताना जितकं हसली, त्याच्या सुमारे ३० पट सोबतीत हसली. हसू समोरच्यासाठी असतं, आणि आरशात समोर कुणीच नसतं.

फक्त माणसाला? चिंपांझीला गुदगुल्या करा, तोही धापा टाकल्यासारखा हसतो.

आजारांचं म्हणाल, तर एकत्र खळखळून हसल्यावर वेदना थोडी जास्त सोसते, असं मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटाला २०११ मध्ये दिसलं. तेवढंच. त्यावरून आजार फिरकणार नाहीत असं म्हणणं म्हणजे आजारी माणसालाच दोषी ठरवणं.

बाबा गेल्यानंतर आईला कुणीतरी हाच मजकूर पाठवला. तिनं तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, "मी हसत नाही, म्हणून माझं दुखणं जात नाही का गं?" तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. पुढे कित्येक आठवड्यांनी मावशीचा फोन आला आणि आतल्या खोलीतून आईचं हसू ऐकू आलं. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं, दूध उतू गेलं म्हणत होती."