वरच्या पलंगावरून दिसणारं शहर

पाठीवर सॅक टाकून एखादं शहर पाहून आलेला माणूस "काही दम नाही राव त्या शहरात" असं ठासून सांगायला लागला की मी एकच विचारतो. वरचा पलंग मिळाला होता की खालचा? बहुतेक वेळा शहराचा काही दोष नसतो. जे काही बिघडलेलं असतं ते डॉर्ममध्येच, म्हणजे हॉस्टेलच्या अनेक पलंगांच्या सामायिक खोलीतच, आणि तेही पहिल्या रात्रीच.

सुरुवात फोटोपासून होते. बुकिंगच्या साइटवरचा खोलीचा फोटो वाइड अँगल लेन्सने, कोपऱ्यात भिंतीला पाठ चिकटवून काढलेला असतो. या लेन्सला जवळचं अवाढव्य आणि लांबचं चिमुकलं दिसतं. त्यामुळे दोन पलंगांमधली आडवं होऊन सरकण्यापुरती फट फोटोत बॅडमिंटन कोर्ट वाटते. फोटोच्या कडेची उशी लोडासारखी ताणलेली दिसली किंवा दाराची चौकट बाहेर कललेली दिसली, की खोलीचा आकार मनातल्या मनात निम्मा करावा. रिव्ह्यू वाचायचे तर तीन तारेवाले वाचावेत. पाचवाले प्रेमात असतात, एकवाले रागात. तीनवाला मात्र गरम पाणी किती वाजता संपतं ते सांगतो.

"स्टेशनपासून पाच मिनिटं" हे खरं असतं, नकाशावर पट्टी ठेवली तर. उंच इमारतींमध्ये उपग्रहांचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात, म्हणून फोनवरचा निळा ठिपका बेडकासारखा पलीकडच्या रस्त्यावर उडी मारतो. बाण उलटा दाखवत असेल तर फोन हातात धरून हवेत आठचा आकडा काढायचा, होकायंत्र ताळ्यावर येतं. मराठी आठ काढून भागत नाही, इंग्रजीच काढावा लागतो. भर चौकात बारा किलोंची सॅक घेऊन हे करणारा माणूस कसा दिसतो, त्यावर न बोललेलंच बरं.

एवढं करून पोचावं सकाळी सहाला, आणि चेक-इन दुपारी दोनला. म्हणजे शहराशी पहिली भेट दात न घासता आणि तांबारलेल्या डोळ्यांनी. त्यात सोमवार असेल तर बघायचंच नको, कारण कित्येक शहरांत संग्रहालयं नेमकी सोमवारी बंद असतात.

आता पलंग. दोनमजली लोखंडी पलंग का हलतो, हे समजून घेण्यासारखं आहे. चार खांब, आडव्या पट्ट्या आणि त्यांना धरून ठेवणारे बोल्ट. चौकटीला तिरपा आधार नसला आणि बोल्ट जरासे सैल झाले, की चौकोनाचा समांतरभुज चौकोन व्हायला लागतो. मग वरच्याने कूस बदलली की खालच्याला भूकंप, आणि खालचा खोकला की वरच्याला पाळणा. म्हणून पलंग निवडायला मिळाला तर आधी खांब धरून गदागदा हलवून बघावा. लोक बघतील, बघू द्यावं. बोल्टांना बहुधा षटकोनी खाच असते, म्हणजे ॲलन कीने, त्या काटकोनात वाकलेल्या षटकोनी चावीने, दोन मिनिटांत काम होतं. पण ती कधीच कोणाकडे नसते. ती नसेल तर खांब आणि भिंतीच्या मधल्या फटीत पुठ्ठ्याची जाड घडी सारावी. डोलणं थांबत नाही, पण भिंतीवर होणारी ठकठक थांबते.

शिडीच्या पायऱ्या म्हणजे गोल नळ्या. अनवाणी तळव्याच्या खोलगट भागात ती नळी रुतली की रात्री दोनला पूर्वज आठवतात. उतरताना तोंड पलंगाकडेच ठेवावं, पाठ करून उतरणाऱ्याचा पाय हमखास खालच्याच्या उशीवर पडतो. उशीवर डोकं असतंच.

सॅक पलंगावर टाकण्याआधी ढेकूण बघावेत. गादीचे कोपरे उचलून शिवणीवरून टॉर्च फिरवायचा. पूर्ण वाढलेला ढेकूण जेमतेम पाच मिलिमीटरचा, आणि दिवसा दडून बसणारा. म्हणून तो नाही, त्याच्या खुणा शोधायच्या: पेनाचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके. ओल्या रुमालाने पुसल्यावर ते तांबूस-तपकिरी पसरले, तर हसतमुखाने दुसरी खोली मागावी. संशय उरलाच तर कपडे ड्रायरमध्ये सगळ्यात जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवावेत. ढेकूण साबणाला दाद देत नाही, उष्णतेला देतो.

लॉकरबद्दल एवढंच, की कोयंड्याचं भोक बारीक असतं. भारी म्हणून आणलेल्या कुलपाची जाडजूड कडी त्यात जात नाही, आणि बारीक कडीचं कुलूप नेमकं घरी असतं. जिथे कुलूप बसतं तिथे सॅक बसत नाही.

घोरणारा प्रत्येक डॉर्मला एक नेमून दिलेला असतो, असं माझं ठाम मत आहे. तो सगळ्यात आधी झोपतो. फोमचे बोळे कानात घालूनही उपयोग होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी ते कानात घातलेलेच नसतात, दाराशी टेकवलेले असतात. बोळा बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वळणदार नळी सरळ होते. मग बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत, म्हणजे वीस-तीस सेकंद, बोटाने धरून ठेवायचा. घोरणं बंद होत नाही, पण शेजारच्या इमारतीत गेल्यासारखं वाटतं. पहाटे चारला निघणारा मात्र यालाही पुरून उरतो. त्याचं सगळं सामान वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत असतं, आणि तो ते हळूच काढतो. पिशवी एकदाच खसकन ओढली तर एकदाच आवाज होतो, हळूच ओढली तर वीस मिनिटं होतो.

सॉकेट असतं गादी आणि भिंतीच्या मधल्या सांदीत. प्लग हात घालून चाचपतच खुपसावा लागतो, आणि पलंग हलला की तो सैल होतो. सकाळी फोन अकरा टक्क्यांवर, चेक-आउटही अकराला. फोन घाईघाईने ओढून घेतला जातो, चार्जर सांदीतच राहतो.