लाल दिवा भुताचा नव्हे, वायरिंगचा

'के-टू' हे हातात मावणारं मीटर. त्यावर हिरव्यापासून लालपर्यंत पाच दिवे. 'घोस्ट मीटर' म्हणून ते ऑनलाइन मिळतं आणि त्यासोबत फिरणारा दावा असा: आत्मा जवळ आला की विद्युतचुंबकीय क्षेत्र बदलतं, मीटर ते पकडतं, म्हणजे झाला शास्त्रीय पुरावा. मीटर बनावट नाही, हे आधीच मान्य करू. बनावट आहे तो दिव्यांचा लावलेला अर्थ.

'हे भूत शोधायलाच बनवलंय.' छे. वायरी आणि उपकरणांभोवतीचं बदलतं चुंबकीय क्षेत्र बघायला बनवलंय. आत 9 व्होल्टची बॅटरी आणि एकच दिशा मोजणारी कॉइल. दिव्यांचे टप्पे 1.5, 2.5, 10 आणि 20 मिलीगॉसचे (मिलीगॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). 20 ओलांडलं की लाल. एकच दिशा मोजत असल्याने मीटर नुसतं आडव्याचं उभं केलं तरी दिवे कमी-जास्त होतात. मूळ मॉडेलचं बटण दाबूनच धरावं लागतं, म्हणून काही जण त्यात नाणं अडकवतात. मग नाणं सैल झालं की दिवे लुकलुकतात आणि 'संवाद' सुरू होतो.

'लाल म्हणजे प्रचंड शक्ती.' 20 मिलीगॉस म्हणजे दुसऱ्या एककात 2 मायक्रोटेस्ला. सामान्य लोकांसाठी 50 हर्ट्झच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, क्षेत्राची आंतरराष्ट्रीय मर्यादा (2010) 200 मायक्रोटेस्ला आहे. लाल दिवा लागतो तो तिच्या शंभराव्या हिश्श्याला.

'आसपास एकही उपकरण नव्हतं, तरी लाल लागला.' उपकरण नसेल, वायर असते. 2000 वॉटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर ओढतो. फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून शेजारी-शेजारी गेल्या असतील तर दोघींची क्षेत्रं एकमेकींना जवळपास खाऊन टाकतात. वायरींत 5 मिलिमीटर अंतर धरलं तर मीटरभर लांब 0.1 मिलीगॉससुद्धा उरत नाही. पण फेज एका भिंतीतून आणि न्यूट्रल दुसऱ्याच वाटेने नेली असेल, तर त्याच अंतरावर 17 मिलीगॉस मिळतात, आणि 80 सेंटिमीटरवर जवळपास 22. लागला लाल. जुन्या वाड्यांत आणि जिन्याच्या टू-वे स्विचला अशी फाटाफूट सापडू शकते. गिझरचा थर्मोस्टॅट आपोआप चालू-बंद होतो, तेव्हा दिवाही 'आपोआप' येतो-जातो.

'मेन स्विच पाडला, तरी दिवा लागला.' घरात इन्व्हर्टर आहे ना? मेन पाडल्याबरोबर तो लोड घेतो आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर कामाला लागतो. म्हणजे एक स्रोत बंद करून दुसरा चालू केला. तोही बंद करा. फ्लॅट असेल तर शेजाऱ्याची वायरिंग, लिफ्ट आणि इमारतीची मुख्य केबल उरतेच.

'प्रश्न विचारला की उत्तर देतं.' बहुतेकदा ते उत्तर खिशातल्या मोबाइलचं असतं. टॉवरशी संपर्क साधताना फोन जे झटके सोडतो ते मीटरच्या सर्किटमध्ये शिरतात. तपासायचंच असेल तर सगळे फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा, मीटर टेबलाला चिकटपट्टीने पक्कं करा. एका तासाचे मिनिटा-मिनिटाचे 60 भाग पाडा. प्रत्येक मिनिटाला नाणं उडवा: छापा आला तर प्रश्न, काटा आला तर गप्प. दिव्यांची नोंद दुसऱ्याने करायची, कानात बोळे घालून आणि विचारणाऱ्याकडे पाठ करून. शेवटी दोन्ही याद्या जुळवा. प्रश्नाच्या आणि गप्प बसलेल्या मिनिटांत दिवे सारख्याच प्रमाणात लागले, तर उत्तर कोणी देत नव्हतं.

याच दुकानांत आत्म्यांचा आवाज ऐकवतो म्हणून 'स्पिरिट बॉक्स'ही असतो. तो न थांबता स्टेशनं बदलणारा रेडिओ. निवेदकांचे अर्धे-अर्धे शब्द कानावर पडतात आणि वाक्य आपण जुळवतो. रेकॉर्डिंग दोघांना वेगवेगळं ऐकवा, मूळ प्रश्न सांगू नका, आणि काय ऐकलं ते लिहून घ्या.

'हौसेने कोणी घेतलं तर तुमचं काय जातं?' हौसेबद्दल तक्रार नाही. पण दिवा दाखवून घाबरवायचं आणि शांतीचे पैसे उकळायचे, हा प्रकार महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. दैवी शक्तीच्या यंत्रांची (ताईतासारख्या, मशीनची नव्हे) टीव्हीवरून जाहिरात बेकायदा असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये सांगितलं आहे.

दुसरा तोटा जास्त गंभीर: भुताच्या नादात वायरिंगमधला दोष तसाच राहतो. फेज आणि न्यूट्रल शेजारी-शेजारी असूनही एका जागी लाल दिवा टिकून राहतो, तेव्हा करंट भलत्या वाटेने, म्हणजे अर्थिंगमधून किंवा दुसऱ्याच सर्किटच्या न्यूट्रलमधून परतत असण्याची शक्यता असते. अशा वेळी परवानाधारक वायरमनला बोलवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्प मीटरच्या (वायरीभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजणाऱ्या मीटरच्या) चिमट्यात धरल्यावर आकडा शून्याजवळ यायला हवा. साध्या क्लॅम्प मीटरला मिलीअँपिअर नीट दिसत नाहीत, त्यामुळे बारीक गळती मोजणारा लीकेज क्लॅम्पच आणायला सांगा. डीबीत (घरच्या मुख्य स्विचबोर्डात) 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या.