काढलेला कांदा मेलेला नसतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

चाळीतल्या (साठवणीच्या हवेशीर मांडवातल्या) कांद्यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर लांबत गेलं म्हणून वेगळंच टाकते आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमच्या मते उपटलेला, पात कापलेला, वाळवलेला कांदा हा मेलेला माल, त्यामुळे 'चाळीतला कांदा श्वसन करतो' हे माझं वाक्य मुलांची दिशाभूल करणारं. चाळीत वजनात घट येते ती निव्वळ पाणी उडाल्यामुळे. झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि श्वसन रात्री, असं तुम्ही निफाडकडच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलंत. शेवटी, 'नसते फाटे फोडून पोरांचे मार्क घालवू नका.'

आधी घटीचं. घट बरीचशी पाण्याचीच असते, हे खरंच आहे आणि लेखातही तसंच लिहिलं होतं. पण सगळी नाही.

आता मेलेल्या मालाबद्दल. दिवाळीच्या आसपास उन्हाळ कांद्याला कोंब फुटतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले असतील. तेवढ्यावर समाधान होत नसेल तर शाळेतला सूक्ष्मदर्शक काढा. लाल कांद्याच्या मांसल पापुद्र्याची बाहेरची जांभळी साल चिमट्याने सोला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा, वर आच्छादक काच. लांबट पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतात आणि प्रत्येकीची रिक्तिका (पेशीतली रसाची पिशवी) जांभळ्या रसाने भरलेली. आता काचेच्या एका कडेला मिठाचं दाट पाणी सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ते आत ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग पेशीभित्तिकेपासून सुटून आक्रसतो, कोपरे पांढरे पडतात. लगेच साधं पाणी सोडलंत की बऱ्याच पेशी पुन्हा काठोकाठ भरतात. हाच खेळ उकडलेल्या कांद्यावर करून बघा. रंग आधीच पाण्यात उतरलेला असतो, मिठाला दाद द्यायला काही उरलेलंच नसतं.

फरक आहे तो प्रद्रव्यपटलाचा, म्हणजे पेशीभित्तिकेच्या आतल्या नाजूक पडद्याचा. काय आत ठेवायचं आणि काय बाहेर, हे ते ठरवतं, आणि ते शाबूत ठेवायला पेशीला ऊर्जा लागते, रोज लागते. काढलेल्या कांद्याला ती कुठून मिळणार? पात गेली, अंधाऱ्या ढिगात ऊन नाही, आणि या सालीच्या पेशींत हरितलवक तुम्हाला एकही सापडणार नाही. उरतात साठवलेल्या शर्करा आणि त्या जाळणाऱ्या तंतुकणिका (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या कणिका). (कांदा साठा करतो तो मुख्यतः फ्रुक्टनचा (फ्रुक्टोज शर्करेच्या साखळ्यांचा) आणि साध्या शर्करांचा, स्टार्चचा नाही. म्हणून आयोडीन टाकल्यावर बटाट्यासारखा निळा-काळा रंग येत नाही. मुलं हे दरवर्षी विचारतात.)

१८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळायला १९२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. त्यातून २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, १०८ ग्रॅम पाणी आणि सुमारे २,८०० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. त्यातली काही एटीपीत (पेशी वापरते त्या ऊर्जेच्या रेणूत) अडकते, बाकीची उष्णता. कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे तेवढं वजन गेलंच, ते पाणी उडून नव्हे. उष्णता मात्र ढिगातच राहते. चाळीचा तळ जमिनीपासून वर उचलून खालून हवा खेळती ठेवतात आणि थर चार-पाच फुटांवर जाऊ देत नाहीत, त्यामागे ओल हे एक कारण आणि ही धग हे दुसरं.

दुसऱ्या एका वाचकाने माझ्या बाजूने लिहिलंय की कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं तेही विकरांमुळेच (एन्झाइममुळेच), मग हाच जिवंतपणाचा पुरावा का देत नाही? कारण तो पुरावा नाही. पेशी फुटते तेव्हा रिक्तिकेतलं ॲलिनेज हे विकर बाहेरच्या गंधकयुक्त द्रव्यांना भेटतं, आणि पुढे आणखी एक विकर त्यातून डोळ्यांना झोंबणारा वायू बनवतं. हे सगळं घडतं पेशी मोडल्यावर. विकराला काम करायला जिवंत पेशी लागतेच असं नाही, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुखनरने १८९७ मध्येच दाखवलं होतं: यीस्ट चिरडून काढलेल्या, एकही अख्खी पेशी नसलेल्या रसात साखर आंबली. त्यासाठी त्याला १९०७ चं नोबेल मिळालं. उकडलेला कांदा झोंबत नाही तो विकरं उष्णतेने बिघडतात म्हणून.

विकरांचा वेग तापमानावर चालतो हे द्राक्षवाल्यांना सांगावं लागत नाही. तोडलेली द्राक्षं लगोलग प्रीकूलिंगला (झटपट गार करायला) का पळवतात आणि मग शून्य-एक अंशावर का ठेवतात? श्वसन मंदावावं म्हणून. कांद्याचं गणित जरा तिरपं आहे. तो थंडीत टिकतो आणि २५-३० अंशांतही बरा टिकतो, पण मधल्या १०-२० अंशांत त्याची सुप्तावस्था लवकर मोडते आणि कोंब येतो. आपल्या उघड्या चाळी चालतात त्या यामुळेच.

राहिला दिवस-रात्रीचा प्रश्न, आणि खरा मतभेद तिथेच आहे. डच वैद्य यान इंगेनहाउझने १७७९ मध्ये दाखवलं की वनस्पतींचे हिरवे भाग उजेडात हवा सुधारतात आणि अंधारात बिघडवतात. त्याचं सुटसुटीत रूप होता होता 'दिवसा हे, रात्री ते' झालं. पण उजेडात श्वसन थांबत नाही. ते झाकलं जातं, कारण प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याहून कितीतरी जास्त असतो. कमाई दिवसा आणि खर्च चोवीस तास, एवढाच हिशेब आहे. पहाटे नि संध्याकाळी अशी एक वेळ येते की दोन्ही बरोबरीत सुटतात. तेव्हा पान बाहेरून काहीच करत नाही असं वाटतं.

तरीही पटत नसेल तर तुमच्याच भागातली द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी आठवा. काड्या डोळ्यापर्यंत (कोंब फुटायच्या जागेपर्यंत) कापलेल्या, मांडवावर औषधालाही पान नाही, आणि वर भर उन्हाचा तडाखा. प्रकाशसंश्लेषण जवळपास बंद. तुमच्या नियमाने त्या वेलीने दिवसभर श्वसनही करायचं नाही. मग डोळे फुगतात कशाच्या जोरावर? खोड, ओलांडे (मांडवावरच्या आडव्या फांद्या) आणि मुळं यांत साठलेल्या स्टार्चची साखर होते, ती पेशी जाळतात, भर दुपारीसुद्धा. मागच्या हंगामात पानं लवकर गळून हा साठा कमी पडला असेल तर फूट कशी विरळ, कमजोर येते ते कुठल्याही बागायतदाराला विचारा.

मार्कांची काळजी मलाही आहे, मीही दहावीचे वर्ग घेते. 'वनस्पती श्वसन केव्हा करतात' या प्रश्नाला 'सर्व जिवंत पेशींत, दिवसा आणि रात्री, सतत' हे उत्तर लिहिणाऱ्याचे मार्क जाण्याचं कारण मला दिसत नाही. आणि मुलांना दाखवायचंच असेल तर रात्री दोन बरण्या लावा: एकीत कोरडे, निरोगी कांदे आणि छोट्या वाटीत चुन्याची निवळी (कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते), दुसरीत उकडून गार केलेले कांदे आणि तशीच वाटी. झाकणं घट्ट. कुजका कांदा चुकूनही घालू नका, नाहीतर निवळी जंतूंच्या श्वसनाने दुधाळ होईल आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.