रिसीव्ह्ड ओळी पुसू नका

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक निरोप फिरतोय: ‘मेलचे हेडर बदललेले किंवा गायब दिसले म्हणजे सर्व्हर हॅक झालाय. सगळ्या रिसीव्ह्ड ओळी पुसा, डीकेआयएम बंद करा, मेल स्पॅममध्ये जाणार नाही.’ (हेडर म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या माहितीच्या ओळी; रिसीव्ह्ड ही त्यांतली, वाटेतला प्रत्येक सर्व्हर लावतो ती नोंद; डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही.) रामबागेतल्या भाच्याने तो खरा मानला आणि ऑफिसच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरवर हेडर-चेक्समध्ये, म्हणजे हेडर तपासण्याच्या नियमांत, सगळ्या रिसीव्ह्ड ओळी इग्नोर करणारा नियम घातला. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी रिसीव्ह्डचंच. मेल कसा पाठवायचा हे ठरवणारा २००८ चा प्रमाण दस्तऐवज, आरएफसी ५३२१, त्याचं कलम ४.४ उघडा. आधी लागलेली रिसीव्ह्ड ओळ बदलायलाही मनाई, पुसायलाही. ‘शक्यतो’ वगैरे काही नाही. दोन सर्व्हर तोच मेल एकमेकांना फॉरवर्ड करत बसले की पोस्टफिक्स या ओळी मोजतो आणि मर्यादा, जी मुळात ५० असते, ओलांडली की मेल परतवतो. ओळीच नसतील तर मोजणार काय? मेल वाटेत कुठे चार तास अडकला हेही त्यांच्यातल्या वेळांवरूनच कळतं. त्या पुसल्या की हाती उरतो फक्त आपल्या सर्व्हरचा लॉग.

एवढं मान्य करावं लागेल की सबमिशनच्या, म्हणजे आपल्याच लोकांनी सर्व्हरला पाठवायला दिलेल्या, मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या घरचा आयपी पत्ता दिसतो आणि तो झाकणं रास्त आहे. मग पोस्टफिक्सच्या सेवांची फाइल मास्टर.सीएफ, तिच्यात फक्त ५८७ पोर्टच्या (सबमिशनच्या) सेवेला वेगळी क्लीनअप, म्हणजे हेडरवर नियम चालवणारी, सेवा द्या आणि नियम तिथे ठेवा. २५ पोर्टवर बाहेरून येणाऱ्या मेलला हात लावू नका.

बीसीसी आणि जुना रिटर्न-पाथ (परतीच्या पत्त्याची ओळ) पोस्टफिक्स स्वतःच काढतो. तो हॅक नव्हे.

डीकेआयएम फेल होतो कारण सही झाल्यावर कुणीतरी विषयात ‘[बाहेरचा]’ जोडतं किंवा मजकुराखाली तळटीप चिकटवतं. सही तपासायची रिलॅक्स्ड पद्धत मोकळ्या जागांतले फरक सोडून देते, शब्दांतले नाही. फिल्टर आधी, सही शेवटी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची नोंद) किंवा डीकेआयएम मागतो, आणि रोज ५,००० च्या वर मेल असतील तर दोन्ही. अशात सही बंद करायला सांगणं हा शुद्ध घात आहे.

मेसेज-आयडी (मेलची ओळख-खूण) किंवा तारीख नसलेला मेल बहुतेक वेळा थेट मेल पाठवणाऱ्या ऑफिसच्या स्कॅनरचा किंवा एखाद्या स्क्रिप्टचा निघतो. पोस्टफिक्स या नसलेल्या ओळी फक्त आपल्या मानलेल्या क्लायंटांच्या (मेल देणाऱ्या यंत्रांच्या) मेलमध्ये घालतो. लोकल-हेडर-रीराइट-क्लायंट्स या सेटिंगमध्ये त्या स्कॅनरचा आयपी बसवा.

तरीही शंका असेल तर मेल रांगेत होल्डवर टाका. फिल्टरच्या आधीची आणि नंतरची प्रत पोस्टकॅटने (रांगेतला मेल दाखवणाऱ्या आज्ञेने) काढून डिफ करा, म्हणजे दोन्हींतला फरक पाहा. कुठली ओळ कुणी बदलली ते समोर येईल.