तिसरा सिलिंडर आणि न मोजलेले टॅपेट

संपूर्ण काम करून आलेले इंजिन तापले की एका सिलिंडरवर मिसिंग मारू लागते (तिथले पेट्रोल नीट पेटत नाही), आणि ज्यांनी ते उघडले, घासले आणि जोडले तेच लोक दोन महिने ‘काम नवे आहे, गाडी चालवत राहा, इंजिन सेट होईल’ एवढेच ऐकवत राहतात, तेव्हा येणारा संताप आवरणे मला खरोखरच अशक्य झाले आहे. पिस्टनच्या नव्या रिंगा सिलिंडरला घासून नीट बसायला काही अंतर लागते, हे मलाही मान्य आहे. पण रिंगा चारही सिलिंडरमध्ये नव्या आहेत. तीन सुरळीत चालतात आणि तिसरा तेवढा आयडलिंगला गाडी हादरवतो, याचा दोष रिंगांच्या नवेपणावर कसा ढकलता येईल?

गाडीला जोडलेला स्कॅनर दर वेळी मिसिंगचा पी०३०३ हाच कोड दाखवतो. त्यातला शेवटचा अंक सिलिंडरचा असतो, म्हणजे यंत्र फक्त दोषाची जागा सांगते, कारण सांगत नाही. गॅरेजमध्ये मात्र कारण शोधण्याऐवजी भाग बदलण्याचा सपाटा सुरू झाला: आधी ठिणगी टाकणारा प्लग, मग त्याला वीज पुरवणारी कॉइल, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. वास्तविक तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लावून कोड पी०३०२ होतो का, एवढे पाहिले असते तरी पुरे होते, कारण कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा आणि जागेवर राहिला तर कॉइल निर्दोष. प्लग आणि इंजेक्टरलाही हीच कसोटी लावता येते. ती शेवटी मी स्वतः लावली, कोड तिसऱ्यावरून हलला नाही, आणि तोवर माझ्या माथी तीन नको असलेले भाग मारले गेले होते.

त्यानंतर गॅरेजने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासले, तेही रात्रभर उभ्या असलेल्या थंड इंजिनावर. चारही सिलिंडर १६० ते १७० पीएसआयच्या दरम्यान आले आणि ‘कॉम्प्रेशन चोख आहे’ असा निकाल मला देण्यात आला. इंजिन तापल्यावर बिघडते ही माझी पहिल्या दिवसापासूनची तक्रार असताना ते थंड असताना तपासून काय सिद्ध होते? ही चाचणी गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून करायची असते. मी हट्टाने तशी करायला लावली तेव्हा तिसऱ्याचा काटा ९५ वर अडकला. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहिले (ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवते), तरी काटा वर चढला नाही, म्हणजे गळती रिंगांमधून नव्हती. मग तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह मिटलेले असतील अशा ठिकाणी आणून कॉम्प्रेसरची हवा आत सोडली, आणि सायलेंसरच्या तोंडाशी फुसफुस स्पष्ट ऐकू आली. जळलेला धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटतच नव्हता.

टॅपेट कव्हर उघडल्यावर कारण समोरच होते. हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागाच्या, कामात व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीट कापल्या की व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा खोल बसतो, त्याची दांडी तेवढीच त्याला उघडणाऱ्या कॅमकडे वर सरकते आणि त्या दोघांमधली मोकळी जागा, म्हणजे टॅपेटचा गॅप, कमी होतो. म्हणून सीट कापल्यावर प्रत्येक व्हॉल्व्हचा गॅप मोजून त्या मापाची शिम (पातळ चकती) घालणे हा कामाचाच भाग आहे. या इंजिनाच्या एक्झॉस्टला सुमारे ०.३० मिमी गॅप हवा. तिथे फट मोजायच्या फिलर गेजचे ०.०५ चे पान कसेबसे शिरत होते. इंजिन तापून दांडी लांबली की उरलासुरला गॅपही संपत होता आणि व्हॉल्व्ह किंचित उघडा राहत होता. १६ व्हॉल्व्ह मोजायचे, शिम बदलायला कॅमशाफ्ट पुन्हा उतरवायचा, हे कष्टाचे काम आहे हे मी जाणतो, पण ते टाळून जुन्याच शिम परत बसवल्या आणि ही गोष्ट माझ्यापासून लपवली, हे मी माफ करू शकत नाही.

त्याहून जास्त चीड ‘चालवत राहा’ या सल्ल्याची येते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच सोडतो. तो टेकला नाही तर त्याची कड जळते. न जळलेले पेट्रोल पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तोही निकामी करते. चेक इंजिनचा दिवा नुसता न पेटता लुकलुकतो, तो याच नुकसानीचा इशारा असतो. तो लुकलुकत असताना, मी फोनवर तसे सांगितलेले असताना, मला आणखी पाचशे किलोमीटर चालवायला सांगण्यात आले.

आता हेड पुन्हा उतरले आहे आणि तिसऱ्याच्या व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळून खाल्ली गेली आहे. पहिल्या जोडणीच्या वेळी मोजलेल्या १६ गॅपची नोंद मी तीनदा मागितली, तिन्ही वेळा कागद मिळाला नाही. आणि नव्या हेड गॅस्केटचा खर्च मात्र मीच द्यावा, असे मला आज सकाळी सांगण्यात आले आहे.