‘सँडिनिस्टा!’ला एका ओळीत गुंडाळू नका
तुमचा लेख छान, पण ‘द क्लॅश’ या ब्रिटिश पंक (म्हणजे बंडखोर, दणदणाटी रॉक) बँडच्या ‘सँडिनिस्टा!’ या अल्बमला त्यात नुसतं ‘पसरट’ म्हणून मोकळे झालात, ते पटलं नाही. पसरट आहेच हो. 36 गाणी, तीन रेकॉर्डी. सहावी बाजू मीही क्वचितच लावतो. पण डिसेंबर 1980मध्ये हा तिहेरी अल्बम एका रेकॉर्डच्या भावात विकता यावा म्हणून या मंडळींनी ब्रिटनमधल्या पहिल्या 2 लाख प्रतींच्या रॉयल्टीवर पाणी सोडलं. घोषणा देणारे पुष्कळ, स्वतःच्या खिशाला खार लावून घेणारे किती?

आणि नाव बघा ना! निकाराग्वात सँडिनिस्टा या डाव्या बंडखोरांनी सोमोझाची हुकूमशाही उलथवली जुलै 1979मध्ये. रेकॉर्डचा क्रमांकसुद्धा ‘एफएसएलएन 1’, म्हणजे सँडिनिस्टांच्या संघटनेचीच आद्याक्षरं.

त्यातलं ‘वॉशिंग्टन बुलेट्स’ हे गाणं पुन्हा ऐका. चिलीत मारला गेलेला गायक व्हिक्टर हारा त्यात येतो, अमेरिकेला धारेवर धरलं जातं. डावे टाळ्या पिटायला लागतात, तोवर अफगाणिस्तानातले रशियन आणि तिबेटमधले चिनीही हजर! सगळ्यांचीच पंचाईत. तेही गिटारच्या दणदणाटात नाही, मरिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याच्या टुणटुणाटावर. म्हणून काही लोक याला पंक मानतच नाहीत. मला तर हेच जास्त पंक वाटतं.